भट्टीवर निघण्याआधी चेहऱ्यावरचा चट्टा दाखवा

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याचे पाडे जगायला बाहेर पडतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची उचल बऱ्याच घरांत येऊनही गेली असेल. गाडीत बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा चेहरा दिवसाउजेडी नीट बघा.

गालावरचा, कपाळावरचा किंवा डोळ्याजवळचा जुना चट्टा अचानक लाल झाला, सुजला, गरम लागू लागला, तर ते गजकर्णच असेल असं धरून चालू नका. ती कुष्ठरोगातली रिॲक्शन असू शकते. शरीर जंतूंवर तुटून पडतं आणि त्यात स्वतःचीच नस सुजवून घेतं. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही. भट्टीवरच्या धुळी-धुरात असा उघडा डोळा किती टिकणार? त्यात फूल पडतं, नजर जाते.

‘टोचलं तर कळतंय, मग कुष्ठ कसलं?’ असं पाड्यांवर सर्रास म्हणतात. हातापायाच्या चट्ट्याला ही परीक्षा ठीक. चेहऱ्यावर मात्र नसांचं जाळं इतकं दाट, की रोग असूनही चट्टा बधिर होईलच असं नाही. म्हणून डॉक्टर मानेची, कोपराची नस चाचपतात, पापण्या घट्ट मिटायला सांगतात, लागलं तर कानाच्या पाळीतून नमुना घेतात.

मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळू नका. लाली उतरते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो, आत नस मरत राहते. भगताकडे जायचं तर जा. पण त्याच दिवशी आशाताईंनाही चेहरा दाखवा.

नस दुखावून सहा महिने उलटले तर ताकद परत येणं अवघड. त्याआत डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन सुरू झालं तर नस वाचू शकते. कुष्ठाच्या मूळ एमडीटी गोळ्या 6 किंवा 12 महिने, मोफत. रिॲक्शन आली म्हणून त्या थांबवू नका. गोळ्या ‘सोसत नाहीत’ म्हणून फेकून देणारे पुष्कळ भेटतात, आणि नुकसान त्यांचंच होतं. घरातल्यांनाही तपासून प्रतिबंधाची रिफाम्पिसिनची एक मात्रा मिळते. 2018 पासून ती सरकारी कार्यक्रमात आहे.

मुकादमांनो, तपासणीसाठी गाडी एक दिवस थांबवा. एका दिवसाने विटा काही पळून जात नाहीत.

जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर खोडाळा, आसे, वाशाळा, साकूर, जामसर यांपैकी जवळचं आरोग्य केंद्र गाठा. उपचार चालू असतील तर पुढच्या महिन्यांची पाकिटं मागून घ्या, कार्ड जपून ठेवा, आणि कुठल्या भट्टीवर निघालात ते आशाताईंच्या वहीत लिहून जा.