माणसागणिक मात्रा

टेस्टोस्टेरॉनची उणीव असलेल्या पुरुषाला ते संप्रेरक बाहेरून पुरवावे, हा इलाज १९३५ साली ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागल्यानंतर आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतर लवकरच वैद्यकात दाखल झाला. तथापि अडीचशे मिलिग्रॅमची एक सुई दर दोन-तीन आठवड्यांनी, असा एकच ठराव पंचविशीतल्या तरुणाला, पन्नाशीतल्या मधुमेह्याला आणि सत्तरीतल्या वृद्धाला सरसकट लागू करण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती मला शास्त्राला सोडून आणि रोग्याच्या हिताला बाधक वाटते. ज्या मुलुखात वय, बल, अग्नी आणि ऋतू पाहून औषधाची मात्रा ठरविण्याची परंपरा आहे, तेथे तर हे विशेषच खटकते.

मुळात उणीव आहे की नाही, हेच पुष्कळदा नीट ठरविलेले नसते. हे संप्रेरक पहाटे-सकाळी रक्तात सर्वाधिक असते व दिवस चढेल तसे उतरते. जेवणाने आणि आजारपणानेही ते खालावते. म्हणून दोन निरनिराळ्या सकाळी, उपाशीपोटी घेतलेल्या रक्तावरच निर्णय करावा, असा दंडक आहे. दुपारी जेवून आलेल्या गृहस्थाच्या एका अहवालावर आयुष्यभराचा उपचार सुरू करणे याला माझ्या मते काहीही आधार नाही.

शिवाय अहवालातील एकूण आकड्याने सारे सांगून होत नाही. रक्तातील टेस्टोस्टेरॉनपैकी अवघे दोन-तीन टक्के मोकळे असते. बाकीचे काही अल्ब्युमिनला सैलपणे आणि काही एका विशिष्ट वाहक प्रथिनाला घट्ट बांधलेले असते. स्थूलता व मधुमेह यांत हे वाहक प्रथिन घटते, त्यामुळे मोकळा अंश पुरेसा असूनही एकूण आकडा कमी दिसतो. उलट वार्धक्यात, यकृताच्या काही विकारांत आणि थायरॉइडच्या अतिक्रियेत ते वाढते व खरी उणीव झाकली जाते. ज्यांच्या घरोघर मधुमेह शिरला आहे अशा आपल्या शहरांत हा भेद जाणणे अत्यावश्यक आहे, कारण अशा पुष्कळ पुरुषांचे वजन उतरले की टेस्टोस्टेरॉन औषधावाचूनच काही अंशी वर येते.

उपचार खरोखरच लागणार असेल, तर वयाचा विचार टाळता येत नाही. संशोधक शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांना आठवड्याला २५ पासून ६०० मिलिग्रॅमपर्यंतच्या चढत्या मात्रा वीस आठवडे देऊन पाहिल्या, तेव्हा त्याच मात्रेने वृद्धांच्या रक्तातील पातळी अधिक चढली आणि तांबड्या पेशींचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त वाढले. हे प्रमाण ५४ टक्क्यांपलीकडे गेले तर औषध थांबवावे लागते, कारण रक्त दाट होऊन गुठळी होण्याचे भय असते. ज्याला धूम्रपानाचे व्यसन किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, त्याच्या बाबतीत तर प्रारंभापासूनच हात आखडता घ्यावा.

औषधाचा प्रकारही तितकाच निर्णायक. टेस्टोस्टेरॉन एनन्थेट या प्रकाराच्या सुईनंतर पहिले काही दिवस पातळी उंच जाते आणि पुढे घसरते, तेव्हा मोठी सुई उशिराने देण्यापेक्षा ७५ ते १०० मिलिग्रॅम दर आठवड्याला देणे पुष्कळांना मानवते, आणि तपासणी दोन सुयांच्या मध्यावर करावी लागते. हजार मिलिग्रॅमच्या टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट या प्रकाराची दुसरी सुई सहा आठवड्यांनी व पुढच्या दहा ते चौदा आठवड्यांनी असतात. तेथे रक्त पुढच्या सुईच्या अगोदर काढावयाचे. त्याच द्रव्याची तोंडाने घ्यावयाची गोळी स्निग्ध आहाराबरोबरच नीट शोषली जाते, म्हणून नुसत्या चहावर किंवा निर्जळी उपवासात घेतलेली ती जवळजवळ वाया जाते. जेल प्रत्येकाच्या त्वचेतून कमीअधिक मुरते, आणि लहान मुले अंगाशी येत असतील तर ते त्यांनाही लागण्याचा धोका असतो. इतके करूनही, सारखीच पातळी असलेल्या दोघांत परिणाम सारखा दिसेलच असे नाही, कारण संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहक प्रथिनाची संवेदनशीलता उपजतच भिन्न असते.

परंतु मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट मात्रेच्याही आधीची आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पियूषिका ग्रंथी वृषणांना द्यावयाचा हुकूम थांबवते, आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा पार बंद पडते. औषध सोडल्यावर बहुतेकांत ती पूर्ववत होते, पण त्याला कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्याला हा उपचार देऊ नये, आणि ज्याचा दोष पियूषिकेत आहे त्याला वृषणांनाच चेतना देणारी निराळी औषधे द्यावीत, हे ठाऊक असूनही नवविवाहित तरुणाला हा प्रश्न संकोचापोटी विचारला जात नाही; आणि पुढे मूल होत नाही म्हणून सुनेच्या तपासण्यांचे सत्र सुरू होते, तेव्हा नवऱ्याच्या सुईची चौकशी त्या घरात कोणीच करीत नाही.