उद्दिष्ट आणि संकल्प

बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात नववर्ष एकदाच येत नाही. १ जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते. चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारी गुढी उभी राहते. १ एप्रिलला ताळेबंदाचे नवे वर्ष सुरू होते, आणि दिवाळीच्या पाडव्याला आपले अनेक व्यापारी ग्राहक वहीपूजन करून नवा हिशेब मांडतात. या चारही दिवशी माणूस काही ना काही ठरवतो. जे ठरते त्याला आपण कार्यालयात 'उद्दिष्ट' म्हणतो आणि घरी 'संकल्प'. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, असे समजून आपण ते वापरत असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी एका मुलीचा बाप झालो, आणि तेव्हापासून मात्र या दोन शब्दांमधील अंतर मला पदोपदी जाणवू लागले आहे. ते अंतर वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम उद्दिष्टाविषयी. उद्दिष्टाची टिंगल करणे सोपे आहे आणि मार्च महिन्यात आपण सगळेच ती थोडीफार करतो. परंतु रक्कम, मुदत आणि जबाबदार व्यक्ती या तीन गोष्टी लिहून काढल्याशिवाय ठेवी वाढत नाहीत आणि थकलेली कर्जेही वसूल होत नाहीत. घरातही काही कामे अशी असतात की ती केवळ मायेने होत नाहीत, त्यांना तारीखच लागते. मुलाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्याला शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना अशा अनेक कामांत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. त्यामुळे त्यावरील नावाचे अक्षर न् अक्षर तपासून घेणे, हे नव्या बापाचे पहिले लेखनिक काम होय.

दुसरे काम नामनिर्देशनाचे. विवाहापूर्वी उघडलेल्या खात्यावर आईचे किंवा वडिलांचे नाव लावलेले असते आणि पुढे अनेक वर्षे तेच राहते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. अज्ञान मुलाचे नाव लावले, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नावही द्यावे लागते. तिसरे काम विम्याचे. शाखेत येणारे तरुण पालक, "मुलीसाठी पैसे कशात ठेवू?" असे आवर्जून विचारतात. "मी नसलो तर तिचे काय?" असे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझे मत विचाराल, तर क्रम असा असावा: कमावत्या माणसाचा मुदत विमा आधी, मुलाच्या नावाची गुंतवणूक नंतर. ही तिन्ही कामे उद्दिष्ट म्हणूनच हाती घ्यावीत, कागदावर लिहावीत आणि पूर्ण झाली की त्यांच्यापुढे खूण करावी. यात भावनेला कोठेही कमीपणा नाही.

अपत्य हे उद्दिष्ट नव्हे

अडचण येते ती यापुढे. उद्दिष्टांची सवय लागलेले मन कामांवर थांबत नाही, ते हळूहळू मुलाकडे वळते. वजन किती भरले, शेजारचे बाळ कधी पालथे पडले, आपले अजून का पडत नाही, येथून आरंभ होतो आणि पाळण्यातल्या जिवाचे प्रगतिपुस्तक सुरू होते. कर्ज विभागात काम करताना एक दृश्य मी वारंवार पाहिले आहे. शैक्षणिक कर्जासाठी मुलगा आणि वडील समोर बसलेले असतात. "हा अभ्यासक्रम का निवडलास?" असा प्रश्न मी मुलाला विचारतो आणि उत्तर वडील देतात. अर्जावर कर्जदार म्हणून सही मुलाची असते, हप्ते पुढे त्यालाच फेडावयाचे असतात, परंतु त्या निवडीत त्याचा वाटा किती, हे त्याच्या खाली गेलेल्या नजरेवरून कळते. ते वडील वाईट नसतात. त्यांनी अठरा वर्षे पोटाला चिमटा घेतलेला असतो. मात्र आपल्या कष्टांची परतफेड कोणत्या रूपात व्हावी, हे त्यांनी मुलाला न विचारता ठरवून टाकलेले असते.

या बाबतीत बँकिंगचे नियम आपल्यापेक्षा शहाणे आहेत, असे मला वाटते. सुकन्या समृद्धी योजना २०१५ साली सुरू झाली. मुलगी १० वर्षांची होण्यापूर्वी तिच्या नावे खाते उघडावयाचे, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये याप्रमाणे १५ वर्षे भरावयाचे, आणि खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. मुलगी १८ वर्षांची झाली की त्या खात्याचा व्यवहार तिच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार १० वर्षांवरील मुलांना बँक ठरवील त्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते उघडण्याची व चालवण्याची मुभाही देता येते. म्हणजे खात्यावरची पालकाची सही ही पहिल्या दिवसापासून मुदतीची असते. पैशाच्या व्यवहारात आपण हे मुकाट्याने मान्य करतो. आयुष्याच्या व्यवहारात ते मान्य करणे आपल्याला जड का जावे?

कोरा कागद

आमच्या सातारकडच्या घरांत बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते आणि रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद व लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. माझ्या मुलीच्या उशाशी माझ्या आईने असाच कागद ठेवला होता. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी या नात्याने मी ही गोष्ट अक्षरशः खरी मानत नाही. परंतु त्या कोऱ्या कागदाचा अर्थ मात्र मला मोलाचा वाटतो. तो कागद आई-बापांनी भरावयाचा नाही, ही ती शिकवण. घरातील थोरामोठ्यांपैकी कोणीही त्यावर 'डॉक्टर' किंवा 'अधिकारी' असे लिहून ठेवत नाही. सकाळी कागद कोराच उचलतात आणि त्याबद्दल कोणाला नवल वाटत नाही. ज्या समाजाने ही रीत घातली, त्याला लेकराच्या भविष्याची काळजी नव्हती असे नाही. जे आपल्या हाती नाही, ते नम्रपणे दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचे शहाणपण त्याच्याजवळ होते, इतकेच. माझ्या मते श्रद्धेचा सर्वांत उपयोगी भाग तोच.

संकल्प या शब्दाचा मूळ अर्थही असाच आहे. पूजेच्या आरंभी गुरुजी देशकालाचा उच्चार करतात: कोणता शक, कोणते संवत्सर, कोणता मास, कोणती तिथी. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहोत, असा उल्लेख त्यात येतो. साताऱ्यात मी तो लहानपणापासून ऐकत आलो. नोकरीनिमित्त विशाखापट्टणमला आलो, तेव्हा लक्षात आले की त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, त्या मुखाच्याही उत्तरेला हे शहर आहे. म्हणजे बदलीच्या एका आदेशाने आमच्या घरच्या संकल्पातील 'दक्षिण' शब्दाच्या जागी 'उत्तर' आला! ज्यांच्या सेवाकाळात चार-पाच राज्ये येतात, अशा आपल्या सहकाऱ्यांना यातील गंमत आणि यातील खंत दोन्ही कळतील.

तर संकल्प आधी सांगतो की, मी आज कोठे उभा आहे. उद्दिष्ट सांगते की, मी उद्या कोठे पोहोचले पाहिजे. आणि संकल्प उच्चारून झाला की तळहातावरचे पाणी ताम्हणात सोडावयाचे असते. करीन असे म्हणावयाचे आणि त्याच क्षणी फळावरची मूठ उघडावयाची. उद्दिष्टपत्रात या पाण्याला स्थान नाही, आणि ते नसणे योग्यही आहे. ठेवीचे आकडे ताम्हणात सोडून शाखा चालणार नाही. परंतु लेकराच्या बाबतीत मूठ उघडता येणे, हीच बापाची परीक्षा आहे.

कडू घासाने आरंभ

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला, म्हणजे शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर आर्थिक वर्षाच्या अखेरच्या आदल्या दिवशी सुरू झाले. २०१५ च्या वेतन करारानंतर बँक कर्मचाऱ्यांना मिळू लागलेली १५ दिवसांची पितृत्व रजा बारशाबरोबर संपली होती. पत्नी आणि मुलगी साताऱ्याला, मी वर्षअखेरीच्या कामासाठी विशाखापट्टणमला. तेलुगू लोकांची उगादी आणि आपला पाडवा एकच. शेजारच्या अम्मांनी सकाळी उगादी पच्चडीची वाटी आणून दिली: कडुनिंबाचा मोहर, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट अशा सहा चवींची. आपण कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो, त्याचेच हे विस्तारित रूप. त्याच सकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर मी माझ्या दीड महिन्याच्या मुलीच्या गळ्यात साखरेची गाठी पाहिली. गोड तिकडे होते, कडू इकडे होते आणि सण एकच होता.

नव्या वर्षाचा पहिला घास कडू असावा, हे आपल्या पूर्वजांनी काही विचाराने ठरवले असणार. वर्षात सगळ्या चवी येणार आहेत, त्यांची यादी पहिल्याच दिवशी जिभेवर ठेवावी, असा तो विचार असावा. आपली उद्दिष्टे केवळ वाढ गृहीत धरतात. कुटुंबाचे वर्ष तसे जात नाही. त्यात बाळाचा ताप असतो, आजोबांचे दुखणे असते, बदली असते, नवरा-बायकोंची दोन नोकऱ्यांमधील ओढाताण असते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या सुधारणेने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे चांगलेच झाले. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यात काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक घराला स्वतःपुरता सोडवावा लागतो. अशा वर्षाला आकड्यांपेक्षा संकल्पाचाच आधार अधिक.

या संदर्भात मला तुकोबांचे स्मरण होते, आणि ते आपल्याच व्यवसायाच्या अंगाने होते. तुकोबांच्या देहूतील घराण्यात सावकारी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि लहानगा मुलगा गेला. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, हे आपण सारे जाणतो. परंतु परंपरेने सांगितलेला एक तपशील सहसा ध्यानात घेतला जात नाही. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खते त्यांनी त्याला वेगळी काढून दिली आणि बुडवली ती केवळ स्वतःच्या वाट्याची. वैराग्याच्या त्या क्षणीही दुसऱ्याच्या वाट्याला त्यांनी धक्का लावला नाही. श्रद्धा आणि कुटुंब यांची सांगड याहून स्वच्छपणे कोणी घातली असेल, असे मला वाटत नाही. आपल्या अपेक्षा सोडावयाच्या, त्यांवर पाणी सोडावयाचे. मात्र जे लेकराचे आहे ते काटेकोरपणे जपून त्याच्या हाती द्यावयाचे. आधी सांगितलेली कागदपत्रांची कामे आणि नंतर सांगितलेला कोरा कागद यांत म्हणूनच विरोध नाही.

आता मुलगी आणि तिची आई माझ्याजवळ आहेत. येणाऱ्या वर्षासाठी मी तीनच गोष्टी योजल्या आहेत. पहिली, दिवेलागणीची वेळ. महिनाअखेरीचे दिवस वगळता त्या सुमारास घरी असावे, समई लावावी आणि 'शुभं करोति' म्हणावे. मुलीला त्यातले काही कळणार नाही. पण संध्याकाळी दिवा लागतो आणि बाबा घरी येतो, एवढे कळले तरी पुरे. दुसरी, भाषा. अंगणात तेलुगू, शाळेत इंग्रजी, वाटेत हिंदी तिच्या कानी पडणारच आहेत, आणि त्या साऱ्यांचे स्वागत आहे. मराठी मात्र घरात आम्हीच बोललो तर तिला मिळेल. तिसरी, दर महिन्याला तिच्या खात्यात ठरलेली रक्कम भरावयाची. मग ती १,००० रुपये असली तरी चालेल. १५ वर्षांत त्याची केवळ मुद्दलच १ लाख ८० हजार होते आणि व्याज त्यावर. त्या पैशाचे ती पुढे काय करील, हा रकाना मी कोरा ठेवला आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण या वर्षी आई-बाप झाले असतील, काही जण आजी-आजोबा. शाखेत आलात तर खाते जरूर उघडा, नामनिर्देशन तपासा, विम्याची चौकशी करा. त्यासाठी आम्ही आहोतच. परंतु वर्षाची यादी करताना स्वतःच्या नावापुढे भरपूर लिहा आणि लेकराच्या नावापुढे थोडी जागा मोकळी सोडा. ती जागा त्याची आहे. यथाकाळ आपल्या हस्ताक्षरात ते ती भरील.