सावित्रीबाईंचें चित्रचरित्र कसें असावें?

थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें हल्लीं चित्रकथांच्या रूपानें मुलांच्या हातीं पडतात, ही इष्टच गोष्ट होय. ज्यास मोठा ग्रंथ जड वाटतो तो विद्यार्थीही चित्रांच्या चौकटी आवडीनें वाचतो. परंतु चित्राचा ठसा मनावरून लवकर पुसला जात नाहीं. म्हणून चित्रकारानें कोणता प्रसंग घेतला व कोणता गाळला, इकडे वाचकांनीं लक्ष दिलें पाहिजे. सावित्रीबाई फुले यांच्या उदाहरणावरून हा विचार मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सावित्रीबाईंचें नांव घेतांच पुण्याचा रस्ता, शाळेकडे निघालेली तरुणी आणि तिच्यावर शेण व चिखल फेकणारे लोक डोळ्यांपुढें उभे राहतात. हा प्रसंग गाळावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण मुखपृष्ठावर तोच आणि आंतही तोच मोठा, असें झालें म्हणजे सोसणारी स्त्री तेवढी दिसते. शिकविणारी दिसत नाहीं. बाई शाळेंत पोंचल्यावर बरोबर आणलेलें दुसरें लुगडें नेसून धडा सुरू करीत, असें सांगतात. चित्रकारानें आपली मोठी चौकट या धड्यासाठीं राखून ठेवावी.

आपल्या नगरच्या वाचकांस तर आणखी एक चौकट हवी. नायगांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं जन्मलेल्या या मुलीचें लग्न १८४० सालीं झालें. जोतीरावांनीं तिला घरीं शिकविलें. पुढें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिस फरार यांच्याकडे तिनें अध्यापनाचे धडे घेतले, असें चरित्रकार सांगतात. मिस फरार यांची येथील मुलींची शाळा पाहून जोतीरावही प्रभावित झाले होते. लग्नाच्या चौकटीवरून थेट १८४८ च्या भिडेवाड्यांतील शाळेवर उडी घेणें चित्रकारास सोपें असतें. पण त्या उडींत तिचीं शिकण्याचीं सारीं वर्षें बुडून जातात. जिला आज गणित उमगत नाहीं अशा मुलीस जन्मतःच विदुषी असलेली बाई काय धीर देणार? पाटीवर अक्षर चुकणारी, पुसणारी व पुन्हा गिरविणारी सावित्री मात्र तिला आपली वाटेल.

पात्राच्या तोंडीं शब्द घालतांनाही विवेक हवा. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालीं निघाला. जोतीरावांस लिहिलेलीं १८५६, १८६८ व १८७७ सालांचीं त्यांचीं पत्रेंही छापलेलीं आहेत. शेवटच्या पत्रांत दुष्काळाची हकीकत आहे. इतकें साहित्य हाताशीं असतां कल्पित भाषणें कशाला? तसेंच भडक रंगांवांचूनही काम भागतें. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेलें श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनान यांचें २०११ सालचें इंग्रजी चित्रपुस्तक काळ्यापांढऱ्या रेषांचेंच आहे.

शेवटीं, बाईंस म्हातारपण येऊं द्यावें. १८९७ च्या प्लेगांत रुग्णांची सेवा करतांना त्यांस तो रोग जडला व १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. तेव्हां त्यांचें वय सहासष्ट होतें. त्या चौकटींत तरुण, नितळ चेहरा काढणें म्हणजे त्यांच्या श्रमाचीं वर्षें पुसून टाकणें होय.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं कुंचला आहे त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. देव्हाऱ्यांत बसविलेल्या बाईंस आपण नमस्कार करूं आणि पुढें जाऊं. पाटी घेऊन बसलेल्या बाईंजवळ मात्र आपल्यालाही बसावेंसें वाटेल.