शिआनमधला नाताळ

चीनमधल्या शिआन शहरात आम्ही दोघे एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. तिथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. दुकानांत झाडे चमकतात, सांताची चित्रे लागतात. पण शाळेची घंटा नेहमीच्याच वेळी वाजते.

२४ तारखेला वर्गात शिरलो, तर टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेली सफरचंदे! मुलांनी समजावले. नाताळच्या आदल्या रात्रीला चिनी भाषेत 'पिंगआन ये' म्हणतात, म्हणजे शांतीची रात्र. सफरचंद म्हणजे 'पिंगग्वो'. उच्चार जुळतो, म्हणून त्या दिवशी सफरचंद देऊन समोरच्याची सलामती चिंतायची. आपणही 'अस्सलामु अलैकुम' म्हणताना दुसऱ्यासाठी हेच मागतो ना? सफरचंदे आम्ही आनंदाने घेतली.

दुसरी गोष्ट इतकी सोपी नव्हती. शाळेच्या कार्यक्रमात परदेशी शिक्षकांनी सांताचा वेश घालावा, असा आग्रह झाला. आम्ही अदबीने नाही म्हटले आणि खुर्च्या लावण्याचे, मुलांना रांगेत ठेवण्याचे काम मागून घेतले. कोणाला वाईट वाटले नाही. जो सण आपला नाही, तो आपला असल्याचा देखावा कशाला करायचा? पण ज्याचा तो खरोखरच सण आहे, त्याचे काय, हा प्रश्न रात्री जेवताना आमच्या मुलीने विचारला.

तिला आठवली होती आमच्या शाळेतली फिलिपिन्सची शिक्षिका. तिच्या देशात १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते, घरोघर चांदणीचे कंदील लागतात. इथे ती एकटी होती. तिची मुले गावी आजीकडे. त्या वर्षी आमची ईदही शाळेच्या दिवशीच आली होती. तेव्हा हिनेच आमच्या तासांची अदलाबदल करून दिली, म्हणून ईदची नमाज चुकली नाही. परक्या मुलखात सणाच्या दिवशी हजेरीपटावर सही करताना काय वाटते, हे आम्हाला नव्याने शिकायचे नव्हते.

२५ला सकाळी तिचे तास आम्ही वाटून घेतले आणि ती चर्चला गेली. संध्याकाळी तिला घरी बोलावले. शिआनच्या मुस्लिम मोहल्ल्यातला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे यांगरौ पाओमो. जाड, घट्ट रोटी प्रत्येकाने आपल्या हाताने बारीक कुस्करायची आणि त्यावर मटणाचा गरम रस्सा घालायचा. कुस्करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती धाकट्याबद्दल बोलली, पगारातून दरमहा काय पाठवते ते बोलली, मध्येच गप्प झाली. आम्हीही बोलायची घाई केली नाही.

जेवणानंतर मुलीने तिच्यापुढे खजुराची वाटी ठेवली आणि सांगितले, "कुरआनमध्ये हजरत मरियमच्या नावाची एक पूर्ण सूरह आहे. हजरत ईसा जन्मले तेव्हा त्या खजुराच्या झाडाखाली एकट्याच होत्या. अल्लाहने त्यांना खजूर आणि पाणी दिले." पाहुणीला हे ठाऊक नव्हते. हजरत ईसांबद्दल तिची श्रद्धा वेगळी, आमची वेगळी. ते दोघांनाही माहीत होते आणि त्यावर वाद झाला नाही. तिने दोन खजूर खाल्ले आणि दोन रुमालात बांधून घेतले.

रात्री गावाकडून अम्मींचा फोन आला. सगळे ऐकून त्या जरा धास्तावल्या. "म्हणजे तुम्ही नाताळ केलात की काय?"

"नाही अम्मी, पाहुणी जेवायला बोलावली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग अम्मी म्हणाल्या, "एवढ्या थंडीत ती एकटी घरी कशी गेली? सोडायला कोणी गेले होते ना?"