पहिली गाडी चुकीसाठी घ्यावी

घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पहिला पगार आला की वर्ष-दोन वर्षांत गाडीचा विषय निघतोच. नवी परवडत नाही, म्हणून जुनी बघायची ठरते. मग चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. ॲव्हरेज किती देते, एसी थंड करतो का, रंग कसा आहे, विकताना किती येतील आणि लोक काय म्हणतील. नवशिक्या हाताकडून चूक झाली तर आत बसलेल्याचं आणि समोरच्याचं काय होईल, हा प्रश्न त्या यादीत सहसा नसतो.

माझं म्हणणं असं की तरुण चालकासाठी जुनी गाडी निवडताना हाच प्रश्न पहिला असावा. नवा चालक चुकणार आहे, हे धरूनच चालायला हवं. ब्रेक उशिरा लागेल, वळणाचा अंदाज चुकेल, समोरच्या ट्रकच्या लाइटने डोळे दिपतील. वर्गात आपण मुलांना चुकू देतो, कारण तिथे चूक खोडरबराने पुसता येते. रस्त्यावर ती सोय नाही. म्हणून पहिली गाडी हौसेसाठी नव्हे, चुकीसाठी घ्यावी.

हे उगाच भीती घालायला लिहीत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहा. बाप गॅरेजमध्ये किंवा टेलरिंगच्या दुकानात राबतो आणि मुलगा हप्त्यांवर दीड-दोन लाखांची बाइक घेऊन हेल्मेटशिवाय हायवेवर असतो. ती बाइक आपल्याला ‘जरूरत’ वाटते आणि त्याच्या आसपासच्या पैशात येणारी जुनी छोटी कार ‘शौक’ वाटते. रोजचा रस्ता हायवेचा असेल तर हा हिशेब उलटा आहे.

आमच्याच घरातलं उदाहरण देतो. माझी भाची तेवीस वर्षांची आहे. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मोहोळच्या बाजूला एका दवाखान्यात नोकरीला लागली. सोलापुरातल्या घरापासून पस्तीसेक किलोमीटर, ड्यूटी दुपारी दोन ते रात्री दहा. जायला बस मिळते, परतताना रोज तारांबळ. दोन महिन्यांत घरात ‘नोकरी सोड’ अशी भाषा सुरू झाली. तिची बचत आणि वडिलांनी घातलेले पैसे मिळून तीन लाख जमत होते. लायसन्स होतं. आमच्या आपांचा मला फोन आला, “तू पढा-लिखा है, जरा देख.”

तीन लाखांत दोन गाड्या समोर होत्या. एक २०११ ची मोठी सेडान, चकचकीत, नवे सीट कव्हर, मोठा म्युझिक सिस्टिम. दुसरी २०१९ च्या शेवटी बनलेली छोटी हॅचबॅक, एका दारावर ओरखडा, आतून साधी. भाच्याचा कौल सेडानला. म्हणाला, “मामू, छोटी गाड़ी में इज्जत क्या रहती?” मी त्याला सेडानचं स्टिअरिंग दाखवलं. त्यात एअरबॅग नव्हती. एबीएसही नव्हतं. हॅचबॅकमध्ये पुढे दोन एअरबॅग होत्या आणि एबीएस होतं. सेडानची पंधरा वर्षांची नोंदणी लवकरच संपणार होती, म्हणजे पुन्हा आरटीओ, फिटनेस तपासणी आणि वर पर्यावरण कर. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच होती.

इथे काही तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण जुन्या बाजारात त्याच कामाला येतात. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरत जात नाही आणि स्टिअरिंग वळवता येतं, हे त्याचं काम. घाबरून ब्रेकवर उभा राहणारा नवा चालक याच्याच भरवशावर वाचतो. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. २०२२ च्या सुरुवातीपासून बनणाऱ्या कारमध्ये शेजारच्या सीटसाठीही ती आली. म्हणून बजेट जेमतेम असेल तर २०१९ च्या मध्यानंतर बनलेली साधी गाडी ही माझी किमान अट. त्याआधीच्या गाड्यांतही काही वरच्या मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी मिळतात, पण तिथे एकेक गाडी उघडून पाहावी लागते. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते आरसीवर लिहिलेलं असतं. एजंट तोंडाने सांगतो ते साल नव्हे, तिथलं साल खरं.

एअरबॅगने काय फरक पडतो? २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही छोट्या गाड्या धडक-चाचणीत आदळून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच पोलोला दोन एअरबॅगसह चार तारे मिळाले. पण एअरबॅग म्हणजे सगळं नव्हे, गाडीचा सांगाडाही मजबूत लागतो. २०२० मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत टियागोला चार तारे मिळाले, तर चालकाची एअरबॅग असूनही एस-प्रेसोला शून्य. दोन्ही छोट्याच गाड्या. तेव्हा ‘छोटी म्हणजे पत्र्याचा डबा’ हे सरसकट खरं नाही आणि ‘एअरबॅग आहे, आता काळजी नको’ हेही नाही. घ्यायच्या गाडीचा निकाल मोबाइलवर पाच मिनिटांत सापडतो. ज्या सालच्या आणि ज्या मॉडेलची चाचणी झाली तेच आपल्यासमोर आहे का, एवढं ताडून पाहावं.

छोट्या इंजिनचंही तसंच. तरुणाच्या हातात ताकदवान इंजिन देऊन वर ‘हळू चालव बेटा’ म्हणण्यात अर्थ नाही. हजार-बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन रोजच्या जाण्यायेण्याला पुरतं. सीएनजी हवं असेल तर किट आरसीवर नोंदलेलं आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, ते पाहावं. ज्या कंपन्यांनी आपल्याकडचा कारभार आवरला, त्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात. शेवर्लेने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. गाड्या वाईट नाहीत, पण आपला मिस्त्री त्यावर काम करतो का आणि सुटे भाग किती दिवसांत आणतो, हे आधी त्याला विचारावं.

मिस्त्रीला सोबत न्यावंच. पण काही गोष्टी कुणालाही पाहता येतात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर जास्त संशय घ्यावा, कारण बिघाड लपवायला दिवाच बंद केलेला असू शकतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाचे डाग, सीटखालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरने किती गाड्या पाण्याखाली पाहिल्या, ते आपल्या भागात सांगायला नको. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. मीटरवर तीस हजार आणि ब्रेक-पॅडलचं रबर मात्र गुळगुळीत झिजलेलं, असं दिसलं तर सर्व्हिसचा इतिहास मागावा. म्हणून जवळ तीन लाख असतील तर गाडी अडीचपर्यंतची बघावी. उरलेल्या पैशात टायर, ब्रेक, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च बसवावा. सगळे पैसे गाडीत घालून झिजलेल्या टायरवर मुलीला हायवेला पाठवणं ही बचत नव्हे.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण घर बुडतं ते इथेच. ‘गाडी चालव, नाव नंतर बदलू’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालतं. कायद्याने विकणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर, चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, भरपाईच्या जबाबदारीसाठी तोच मालक. त्या प्रकरणात गाडी पुढे अनेक हातांतून गेली होती, तरीही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बोजा शिल्लक आहे का, ते परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून दिसतं.

विमाही लगेच आपल्या नावावर करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. त्यामुळे हप्ता वाढला तर कुणी फसवलं असं नाही. थर्ड पार्टी विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद, असं समजणारे खूप आहेत. आपल्या गाडीखाली एखादा मजूर आला तर त्याच्या बायकामुलांना जी भरपाई मिळते, ती या कागदातून. तो नसेल तर न्यायाधिकरणाचा आदेश मालकाच्या घरावर येतो.

आमच्याकडे इथे एक वाद झाला. गाडी भाचीच्या नावावर नको, भावाच्या नावावर घ्या, उद्या तिचं लग्न होईल, असं दोन-तीन नातेवाइकांनी सांगितलं. मी आपांना एवढंच म्हणालो की विम्यात मालक-चालकासाठी जे पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते आरसीवर नाव असलेला मालक स्वतः लायसन्ससह गाडी चालवत असेल तरच लागू होतं. रात्री दहाला हायवेवर ती असणार आणि संरक्षण घरी बसलेल्या भावाला, हे कुठलं शहाणपण? पैसे तिचे, रस्ता तिचा, तर नावही तिचंच. गाडी तिच्या नावावर झाली. ओरखडा अजून तसाच आहे आणि नोकरी चालू आहे.

‘नवीच घ्या, हप्ते भरा’ असं म्हणणारेही भेटतात. नव्या गाडीत सुरक्षा जास्त असते, हे मान्य. पण वीस-पंचवीस हजार पगारावर सात वर्षांचा हप्ता म्हणजे तरुण माणसाच्या पायात बेडी. व्याज टाळू पाहणाऱ्या घरांसाठी तर रोखीने घेतलेली छोटी जुनी गाडी हाच सरळ मार्ग आहे. आणि आपली गाडी विकायची वेळ आली की तिचा ऐब समोरच्याला सांगून विकावा. पुढे ती कुणाच्या तरी पोराच्याच हातात जाणार असते.

शेवटी पालकांना एक सांगणं. अठरा वर्षांआधी किल्ली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अठरानंतरही पहिले काही महिने शेजारच्या सीटवर स्वतः बसावं, पावसात आणि रात्रीही. बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नये, कारण बेल्टशिवाय एअरबॅग निम्मंही काम करत नाही. मुलं गाडीवर ओरखडे काढतील, बंपर ठोकतील. पत्रा दुरुस्त होतो. बजेट मांडताना एवढं डोळ्यांपुढे असलं, तर कोणती गाडी घ्यायची हे फार अवघड राहत नाही.