डोक्याला लागलेला गडी त्या दिवशी पुन्हा मैदानात नको

थोडं स्पष्ट लिहितोय. काही मंडळांना आवडणार नाही, पण मोसम तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहिलेलं बरं.

भाताची कापणी-झोडणी आटोपली की आपल्या महाड-पोलादपूरच्या गावागावांत कबड्डीची मैदानं आखली जातात. मग जत्रा, शिमगा, आणि मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पुन्हा एक फेरी. या स्पर्धांच्या बातम्या मी गेली कित्येक वर्षं करतोय आणि हा खेळ मला मनापासून आवडतो. त्यामुळे "पत्रकाराला खेळातलं काय कळतं" हे आधीच बाजूला ठेवा.

गेल्या मोसमात एका गावात उपांत्य सामना चालू होता. चढाईला आलेल्या पोराने साखळीखालून डुबकी मारली आणि कोपऱ्यावरच्या गड्याचा गुडघा थेट त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा चार-पाच सेकंद हललाच नाही. मग पाण्याचे शिपके, मानेवर बर्फ, कोणीतरी नाकाशी कांदा धरला. तो उठला आणि दुसऱ्याच संघाच्या बाजूला चालायला लागला. लोक हसले. दोन मिनिटांत तो परत खेळत होता आणि माइकवरचा निवेदक ओरडत होता, "ही तानाजींच्या उमरठची माती आहे, इथला गडी पडत नसतो!" टाळ्या, शिट्ट्या, वर डीजेवर सिनेमातला डायलॉग.

तो पोरगा सुखरूप आहे. पण आपली बाजू कुठली हे न कळणं हे मेंदूला हिसका बसल्याचं लक्षण आहे, विनोद नाही.

तानाजी मालुसरे सिंहगडावर लढले ते स्वराज्यासाठी. आपल्याकडे लढत असते एका चषकासाठी, ज्यावर चषकापेक्षा पुढाऱ्याचं नाव मोठं असतं. दोन्हीची सांगड घालणाऱ्याने निदान त्या पोराच्या आईकडे एकदा बघावं.

यावर हमखास उदाहरण येतं ते अनिल कुंबळेचं. २००२, अँटिग्वा, जबडा मोडलेला, डोक्याभोवती पट्टी, आणि तरी लाराची विकेट. मलाही तो फोटो पाहून अंगावर काटा येतो. पण मोडला होता जबडा. हाड मोडलं तर दुखतं आणि दिसतं. कवटीच्या आत रक्त साचायला लागलं तर सुरुवातीला काहीच दिसत नाही, माणूस नीट बोलतो, चालतो.

कुंबळेचा फोटो आठवणाऱ्यांनी रमण लांबाही आठवावा. फेब्रुवारी १९९८, ढाका. फलंदाजाच्या अगदी जवळ, बिनहेल्मेटचा उभा होता. चेंडू डोक्यावर आदळला, तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळाने कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. भारतासाठी कसोटी खेळलेला माणूस.

मोठ्या खेळांनी यातून नियम केले. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला आला, पण दुसऱ्या दिवशी त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी लाबुशेन उतरला. सगळे डॉक्टर हाताशी असताना लक्षणं दुसऱ्या दिवशी दिसली, हे लक्षात घ्या. फुटबॉलमध्ये जेफ ॲस्टल नावाचा इंग्लंडचा खेळाडू २००२ मध्ये वारला. आयुष्यभर चेंडूला डोकं मारून मेंदूची झीज झाली, हा कामातून जडलेला आजार आहे, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यू-चौकशीत निघाला. २०२० पासून इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या पोरांना सरावात हेडर मारायला देत नाहीत. आणि आपल्याकडे चौदा वर्षांची पोरं उन्हाने दगड झालेल्या मैदानावर डॅश मारून पाडली जातात. आदल्या रात्री दोन टँकर पाणी मारायचा कंटाळा केला की माती आणि सिमेंट यात फार फरक राहत नाही.

आता आपला भूगोल बघा. डोक्याच्या ऑपरेशनची वेळ आली तर गाडी बहुतेक वेळा पनवेल-मुंबईकडे काढावी लागते. महाडहून पनवेल सव्वाशे किलोमीटर तरी आहे, पोलादपूर त्याच्याही पुढे, आणि खोऱ्यातल्या वाडीतून हायवेला यायलाच तासभर. त्यात मुंबई-गोवा हायवेची कथा मी वेगळी सांगत नाही. ज्यांच्या दारात मोठं हॉस्पिटल आहे ते वाट बघू शकतात. आपण नाही.

कबड्डीत खेळाडू बदलता येतो, बाहेर राखीव बसलेले असतात. म्हणजे नवा नियम शोधायचा नाही. डोक्याला लागलं आणि गडी क्षणभर जरी सुन्न झाला, तरी तो त्या दिवसापुरता बाहेर. हे सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर माइकवरून सांगायचं, आणि निर्णय अशा माणसाच्या हाती द्यायचा ज्याचं गाव त्या सामन्यात नाही. खेळाडूला विचारायचंच नाही, तो "बराय" म्हणणारच.

एका आयोजकाने मला विचारलं, "मग सामना फिरला की जो तो डोकं धरून बसेल, वेळ काढेल, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण एकदा बाहेर गेला की परत येता येत नाही म्हटल्यावर नाटक कोण करेल? उलट आजच ते सोपं आहे.

सामना संपल्यावरचा भाग मला जास्त भीतीचा वाटतो. हरो वा जिंको, पार्टी होते. डोक्याला लागलेला पोरगा दारू प्यायला की झिंग कुठली आणि गुंगी कुठली हे कोणाला कळणार? मग तोच रात्री दोनला बाइकवरून घाटाने घरी जातो. अशा पोराला दारू नाही, गाडी नाही आणि रात्रभर सोबत कोणीतरी. सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, हाक मारूनही नीट जागा न होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावा, नाहीतर गावातली जी गाडी मिळेल ती काढा.

एलईडी स्क्रीन, डीजे, फटाके, पाहुण्यांचे फेटे यांना वर्गणी पुरते. मैदानाच्या कडेला चालकासह एक गाडी रात्रभर उभी करायला किती लागतात, हे मंडळांनी हिशेबाच्या वहीत लिहून दाखवावं. यंदा बातमीसाठी बोलावणं आलं की मी आधी एवढंच विचारणार आहे, गाडी उभी आहे का आणि चावी कोणाकडे आहे.