अठरा हजारांचा बाण आणि घरचं गोणपाट

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात डीमॅट खातं उघडलेलं एखादं पोरगं आहे, त्यांनी पूर्ण वाचा राजेहो.

मागच्या आठवड्यात आपल्या अमडापूरच्या स्टँडवर चहा घेत होतो. शेजारी दोन पोरं मोबाइलात डोकं घालून बसलेली. एक दुसऱ्याला सांगत होता, "हिरवा बाण आला का घ्यायचं, लाल आला का इकून टाकायचं. डोकं कायले लावतं?" मला चहा गोड लागेना, कारण हाच बाण माझ्या घरात येऊन गेला आहे.

माझ्या पुतण्याने सोयाबीनची पट्टी आल्यावर एका क्लासवाल्याकडून १८,००० रुपयांचं 'सिग्नल सॉफ्टवेअर' घेतलं. दिवाळी ते संक्रांत एवढ्या दिवसांत ऑप्शनमध्ये १,४०,००० रुपये गेले. दादा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एवढ्यात बोअर झाला असता." मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. पंधरा वर्षं झाली, मी गावात कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. लोकांचे फॉर्म भरतो, पीक विमा भरतो. आणि माझ्याच घरातलं पोरगं कॉम्प्युटरवर फसलं.

मग तो डबा उघडून बघायचं ठरवलं, तर तो उघडेचना. विकणाऱ्याला फोन करून विचारलं, बाण कोणत्या नियमाने येतो? उत्तर आलं, "ते आमचं सिक्रेट आहे." ठीक आहे. मी तीन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा स्क्रीनचे फोटो काढून ठेवले आणि संध्याकाळी शेजारी शेजारी लावून पाहिले. सकाळी आलेला हिरवा बाण भाव पडल्यावर संध्याकाळी गायब. आणि जिथून भाव खरोखर चढला, तिथे सकाळी काहीच नव्हतं, संध्याकाळी मात्र बाण उगवलेला! दिवस संपल्यावर चार्ट पाहणाऱ्याला वाटतं, काय अचूक सॉफ्टवेअर आहे. या प्रकाराला धंद्यात 'रिपेंटिंग' म्हणतात. जाहिरातीत दाखवतात तो असाच मागाहून रंगवलेला चार्ट.

आता मला सांगा, मृगाच्या आधी आपण काय करतो? घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि सावलीत ठेवतो. आठवडाभराने उघडून मोजतो. सत्तर उगवले तर बियाणं पेरायला बरं. कमी उगवले तर जास्त पेरतो, नाहीतर बियाणं बदलतो. खर्च शून्य. ही गोष्ट आपल्या म्हाताऱ्यांना कळते, कृषी सहायकही दरवर्षी सांगतो. एकरभर सोयाबीनसाठी आपण एवढी परीक्षा घेतो आणि दीड लाख रुपये एका बाणाच्या भरवशावर टाकतो. काहून?

शेअर बाजारातही हे गोणपाट आहे आणि तेही फुकट. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या वेबसाइटवर रोज 'भावकॉपी' नावाची फाइल टाकतात. त्यात त्या दिवशीचा प्रत्येक शेअरचा उघडतानाचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव असतो, किती शेअरची उलाढाल झाली तेही असतं. ती फाइल लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते. लिब्रेऑफिस मोफत आहे, मुक्त आहे, आणि मराठीतही चालतं. शेजारच्या रकान्यात वीस दिवसांची सरासरी काढा, त्याच्या शेजारी पन्नास दिवसांची. छोटी सरासरी मोठीच्या वर गेली की घेतलं, खाली आली की विकलं, असा हिशेब मागच्या दहा वर्षांवर लावा. हीच 'बॅकटेस्ट'. फाइली जास्त झाल्या की पायथॉन आणि त्यातलं पांडास वापरा. तेही फुकट. आपल्या तंत्रनिकेतनात जाणाऱ्या पोरांना पायथॉन अभ्यासक्रमातच आहे.

तीन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली, बोनस आणि स्प्लिटच्या तारखा बघून जुने भाव जुळवून घ्या, नाहीतर शेअर एका दिवसात अर्धा पडला असं दिसतं. दुसरी, प्रत्येक व्यवहाराला ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, मुद्रांक असा सगळा खर्च धरा. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. दहा वर्षांच्या भावांवर नियम घासून घासून बसवला तर तो कागदावर जिंकणारच. म्हणून सात वर्षांवर नियम ठरवा, शेवटची तीन वर्षं झाकून ठेवा आणि त्यावर एकदाच तपासा.

मी तपासलं. दोन सरासऱ्यांचा नियम खर्च धरायच्या आधी थोडा नफा दाखवत होता. खर्चाचा रकाना भरला आणि नफा गेला. पुतण्याला शेजारी बसवून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हे आधी मोजलं असतं तर?" या प्रश्नासाठीच ही पोस्ट लिहितो आहे.

हे काही एकट्या आमच्या घरचं रडगाणं नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च जाऊन १ लाखाहून जास्त कमावणारे होते फक्त १ टक्का. २०२४-२५ मध्येही तोट्यातले ९१ टक्के. हा पैसा गेला कुठे? त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या व्यवहारांतल्या नफ्यातला ९६ टक्के नफा अल्गोने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नियमांनी कमावलेला आहे.

आणि हे मोठे लोक कोणती हत्यारं वापरतात? पांडास जन्मलं २००८ मध्ये, अमेरिकेतल्या एक्यूआर या गुंतवणूक कंपनीत. वेस मॅकिनी नावाच्या तिथल्या माणसाने ते लिहिलं आणि पुढे सगळ्यांसाठी खुलं झालं. लंडनचा शेअर बाजार २०११ मध्ये लिनक्सवर गेला. जेन स्ट्रीट हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. सेबीने ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशाने तिचे ४,८४३ कोटी रुपये अडकवले. कंपनीने आरोप नाकारले आहेत, त्या वादात मी पडत नाही. मी एवढंच पाहिलं की ती कंपनी आपले प्रोग्रॅम ओकॅमल या भाषेत लिहिते. ही भाषा फ्रान्समधल्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली आणि कुणालाही फुकट मिळते. म्हणजे कोट्यवधी कमावणारा उघडी हत्यारं घेऊन बसला आहे आणि आपला पोरगा सोयाबीन विकून बंद डबा विकत घेतो. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

आता कुणी म्हणेल, टेलिग्रामवर टिपा फुकटच मिळतात की! फुकट आणि मुक्त यात फरक आहे बावा. टीप फुकट असते, पण ती कुठून आली ते दिसत नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे आतला नियम उघडून वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. आणि तो चार्टवाला महागडा प्रोग्रॅम क्रॅक करून पेन ड्राइव्हवर वाटतात ना, तो तर मुळीच नको. त्यात चोरी आहेच, वर त्याच कॉम्प्युटरवर तुमच्या बँकेचा पासवर्डही आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "गावातल्या पोरांना हे जमंल का?" केरळने सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवर मुलं शिकवली. तिथली पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. आपली पोरं मोबाइलवर रात्री दोनपर्यंत कँडल मोजतात, त्यांना सरासरीचा रकाना जमणार नाही?

आणि एक खरं बोलतो. मुक्त सॉफ्टवेअर कुणाला श्रीमंत करत नाही. मी तपासलेले बहुतेक नियम तोट्यातच निघाले. पण दीड लाख घालवून जे कळलं असतं ते चार संध्याकाळी बसून कळलं. 'नको' हे उत्तर फुकटात मिळणं हीच मोठी कमाई.

म्हणून विकणाऱ्यांना गावासमोर तीन प्रश्न. तुमचा नियम काय? दाखवणार नसाल तर सेबीचा नोंदणी क्रमांक काय? आणि हजारो कमावून देणारा बाण तुमच्याकडे आहे तर तो अठरा हजारांत का विकता? आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या आणि आतला नियम झाकून ठेवणाऱ्या अल्गोला सेबी 'ब्लॅक बॉक्स' म्हणते. फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे असा अल्गो देणाऱ्याला रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. "आम्ही तर फक्त शिकवतो" म्हणणाऱ्यांनाही जानेवारी २०२५ मध्ये सेबीने बजावलं होतं, शिकवताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. चालू बाजारात बाण दाखवणारा क्लास या चौकटीत बसतो का, तुम्हीच ठरवा.

ग्रामपंचायतीकडे मागणी एकच. वाचनालयात एक कॉम्प्युटर ठेवा आणि त्यावर लिब्रेऑफिस व पायथॉन टाका. सॉफ्टवेअरला रुपया लागणार नाही, टाकून मी देतो.

तोवर दर रविवारी सकाळी दहा ते बारा माझं दुकान उघडं आहे. फी नाही. टीप मिळणार नाही, मागूही नका. ज्याने सॉफ्टवेअर विकत घेतलं आहे त्याने बाणांचे फोटो घेऊन या, तारीख-वेळेसकट. आपण सगळे मिळून मोजू. आणि आयांनो, बापांनो, पोरगं हरलं असेल तर घरात आधी चहा द्या, मग हिशेब मागा. माझा पुतण्या दोन महिने कुणाशी बोलत नव्हता. आता रविवारी खुर्च्या तोच मांडतो.